भुसावळपर्यंतची कादंबरी

एप्रिल संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. बडोद्याच्या दुसऱ्या टोकाच्या हरणीहून, आमच्या गोत्रीतल्याच पलीकडच्या सोसायटीतून, एखादा तर थेट कॅनडातून. "काका, सुट्टीत वाचायला एखादी कादंबरी सांगा ना." मी लगेच सांगत नाही. आधी विचारतो, कुठे जाणार, कसे जाणार, सोबत कोण, आणि मागची अर्धवट टाकली होतीस ती कितव्या पानावर. डॉक्टरसुद्धा इतकं विचारत नसतील. मी प्राध्यापक नाही, समीक्षक तर नाहीच. प्रतापनगरच्या रेल्वेच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होतो. पण उन्हाळ्यात कोणी कोणती कादंबरी वाचावी हे सांगण्यात माझ्या तोडीचा माणूस बडोद्यात मला अजून भेटलेला नाही. ही बढाई वाटत असेल तर वाटू द्या, कारण ती बढाईच आहे.

ही विद्या मी कारखान्यातच शिकलो. मे महिन्यात आमच्यातले मराठी कामगार रजा टाकून, रेल्वेचा पास काढून गावी निघायचे. कोणी जळगावला, कोणी कोल्हापूरला, कोणी नागपूरला. आमच्या मराठी मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असल्यामुळे जाताना प्रत्येक जण माझ्याकडून एक कादंबरी घेऊन जायचा. सुरुवातीला मी हाताला लागेल ती देत होतो. मग एक जण कोल्हापूरहून परतला तो तावातावानेच. कादंबरी लोणावळ्यालाच संपली होती, आणि पुढचे आठ तास त्याने समोरच्या माणसाच्या टकलाकडे बघत काढले होते. दुसऱ्याचं उलटं झालं. शेवटची चाळीस पानं उरली असतानाच त्याचं गाव आलं, घरात लग्न होतं, कोणी वाचू दिलं नाही, आणि परत येताना पुस्तक मामेबहिणीने ठेवून घेतलं. पुढे काय झालं हे तो दिवाळीपर्यंत सगळ्यांना विचारत होता.

मी फिटर माणूस. माप चुकलेलं मला सहन होत नाही. तेव्हापासून मी माणसाचा वाचायचा वेग विचारून घ्यायला लागलो. गाडीत साधारण माणूस ताशी तीस पानं वाचतो. सोबत लहान मूल असेल तर वीस. शेवटचा तास मोजायचा नाही, कारण तेव्हा बॅगा खाली काढायच्या असतात आणि चपला शोधायच्या असतात. आजारी वडिलांना भेटायला निघालेल्याला कोणाचे वडील वारतात अशी कादंबरी द्यायची नाही. सासुरवाडीला निघालेल्याला चांगली जाडजूड द्यायची, तोंड लपवायला बरी पडते. जेवणाच्या सुट्टीत माझ्या बाकाशी रांग लागायची आणि लोक गावाच्या नावानेच पुस्तक मागायचे. "मला भुसावळपर्यंतची द्या." "मला अकोल्यापर्यंतची, पण हसायला येईल अशी." आमचा गुजराती फोरमन जाता-येता टोमणा मारायचा, "अहीं शुं टिकिटबारी खोली छे?" मी म्हणायचो, "साहेब, तिकिटांची खिडकीच उघडलीय, पण इथून रिकाम्या हाताने कोणी परत जात नाही." तोही हसायचा. निवृत्त झाल्यावर त्याने माझ्याकडे एका गुजराती कादंबरीची शिफारस मागितली, ती मी अजून दिलेली नाही. ज्यातलं कळत नाही त्यात मी पडत नाही.

माझा सगळ्यांत चांगला वाचक म्हणजे आमचा वेल्डर. तो माझ्याच वयाचा, जन्मापासून बडोद्याचा. बोलायला एकदम कमी, पण हात असा की त्याने जोडलेला सांधा शोधून सापडायचा नाही. दर मे महिन्यात तो बायकोला घेऊन तिच्या माहेरी भुसावळला जायचा. सुरतेला गाडी बदलून, थांबणं धरून नऊ तास लागायचे, म्हणजे वाचायचे आठ. तो परत आला की विचारून विचारून मी त्याचा वेग काढला होता, तो ताशी वीस पानं निघाला. कारखान्यातला सगळ्यांत सावकाश वाचणारा. हा माणूस प्रत्येक वाक्य चावून चावून वाचतो असं मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचो. त्याच्यासाठी मी एकशे साठ पानांच्या आत बसणाऱ्या कादंबऱ्या वर्षभर शोधून ठेवायचो.

आणि तो जून महिन्यात परत आला की काय मजा यायची! डबे उघडले की सगळे त्याच्याकडे बघायचे. एरवी तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस पाठ ताठ करून कादंबरीवर निकाल द्यायचा. एकदा म्हणाला, "दीडशे पानं झाली, घरात आठ माणसं, पण एकदाही कोणी भांडी घासली नाहीत." एकदा म्हणाला, "नायकाच्या आईला मरायची फार घाई होती. थोडी थांबली असती तर कादंबरी सुधारली असती." तीस माणसं हातातला घास हातात ठेवून हसायची. त्याचा निकाल लागला की मी ते पुस्तक यादीत वर चढवायचो किंवा काढून टाकायचो. माझी यादी पुढे शहरभर गाजली, मंडळाच्या ग्रुपवर दर मेमध्ये जायला लागली, त्यात त्याच्या त्या निकालांचा मोठा वाटा होता. हे मी तेव्हाही कबूल करायचो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तो गेला. झोपेत गेला, कोणाला त्रास न देता, तो होताच तसा. वहिनींना त्यांच्या मुलीने आपल्याकडे हरणीला नेलं.

या मे महिन्यात त्या मुलीचा फोन आला. मला वाटलं, तिला काही वाचायचं असेल. पण तिचा आवाज वेगळाच होता. "काका, आईचं काही खरं नाही. इथे तिला गमतच नाही. टीव्ही नको, देवळात नको, खाली सोसायटीच्या बायकांत बसणं नको. सहा महिने झाले, पुस्तकाला हात लावला नाही. पहिल्यांदा मला वाटलं होईल हळूहळू, पण आता ती बोलायचीच बंद झालीय. परवा मला विचारते, अजून किती वर्षं आहेत गं? मी काय सांगू? तुम्ही बाबांना द्यायचात ना, तशी एखादी कादंबरी सांगा. एवढं एक करून बघू."

मी फोन ठेवला आणि बायकोला सगळं सांगून म्हणालो, "आठवडाभरात वहिनी वाचायला लागतील. माझी कादंबरी आजवर फुकट गेलेली नाही." बायको कैऱ्या किसत होती. ती म्हणाली, "त्या बाईचा नवरा गेलाय. तुमच्या बढाया जरा बाजूला ठेवा." ती बरोबर होती, पण मला तेव्हा राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत मी स्कूटर काढली आणि गोत्रीहून हरणी गाठलं. वहिनी बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत बसल्या होत्या. अंगाने निम्म्या झालेल्या. "या भाऊजी," एवढंच म्हणाल्या. मुलीने छास आणून दिली. मी पुस्तक पुढे केलं. हलकीफुलकी घरगुती कादंबरी, एकशे चाळीस पानं, ती देऊन मी कितीतरी उदास माणसं हसवलेली आहेत. वहिनींनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि मांडीवर ठेवलं. पाच दिवसांनी मुलीने निरोप दिला, पान उलटलेलं नाही.

मग मी एक जाडी नेली. जुन्या काळातली, राजवाडे, कारस्थानं, घोडे. तीही तशीच परत आली. मग एका एकट्या राहणाऱ्या बाईची नेली. ती देताना मला स्वतःलाच आत कुठेतरी चुकल्यासारखं वाटत होतं, नवरा गेलेल्या बाईला एकट्या बाईची गोष्ट कशाला, पण माझ्याकडे उपाय उरले नव्हते. ती परत देताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, उन्हातान्हात एवढ्या लांब येऊ नका. माझ्याच्याने नाही होणार. पान उघडते, अक्षरं दिसतात, पण पुढे जातच नाही."

त्या दिवशी परत येताना मी खरंच खचलो होतो. तीनदा माप घेतलं आणि तिन्हीदा चुकलं. पण त्यापेक्षा त्यांचं ते "अजून किती वर्षं" माझ्या डोक्यातून जात नव्हतं. ज्या माणसाने मला वीस-पंचवीस उन्हाळे आनंद दिला त्याच्या बायकोसाठी मला एक कादंबरी सापडू नये? मी घरी येऊन बायकोवर उगाचच चिडलो. तिने शांतपणे विचारलं, "वहिनींना काय आवडतं हे विचारलंत का?"

"मला माहीत आहे. वेल्डरच्या आवडीवरून अंदाज येतोच."

"माझी आवड तुमच्यावरून येते का?" बायको म्हणाली. "सगळ्या कारखान्याला कादंबऱ्या सुचवल्यात. मला एकदा तरी विचारलंत, तू काय वाचशील म्हणून?"

मी एवढंच म्हणालो, "पुढच्या वेळी तूही चल."

पुढच्या खेपेला बायको माझ्याबरोबर आली. मी पुस्तक नेलं होतं, पण पिशवीतच ठेवलं. बायकांचं बोलणं चाललं होतं, म्हणजे आमची बोलत होती आणि वहिनी मान हलवत होत्या. मला राहवेना. आपल्या माणसाची स्तुती ऐकली तर त्यांना बरं वाटेल, असं वाटून मी म्हणालो, "वहिनी, तुम्हाला माहीत नसेल, पण वेल्डरसारखा वाचक मी पाहिला नाही. एकदा तो भुसावळहून आला, ती घर सोडून जाणाऱ्या बाईची कादंबरी वाचून. सगळे म्हणत होते, काय धाडसी बाई आहे. हा काय म्हणाला सांगू? म्हणाला, बाई रागाने घर सोडून जाते ते ठीक आहे, पण—"

"—दूध तापवून झाकून ठेवल्याशिवाय कुठली बाई घर सोडते?" वहिनी म्हणाल्या.

मी खूश झालो. "म्हणजे तुम्हालाही सांगितलं होतं त्याने!"

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांचा चेहरा असा झाला की बायकोने पटकन त्यांचा हात धरला.

"हे ते म्हणाले? कारखान्यात?"

"सगळ्यांसमोर. तीस माणसं होती."

"भाऊजी, हे मी म्हटलं होतं. गाडीत. नंदुरबारच्या पुढे कुठेतरी."

मग त्यांनी सांगितलं ते असं. वेल्डरची शाळा इथली, गुजराती. घरात मराठी बोलायचा, पण मराठी पुस्तक वाचायचं म्हणजे त्याला एकेक अक्षर लावत बसावं लागायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तो माझ्याकडून कादंबरी घेऊन गाडीत बसला आणि बायकोला म्हणाला, वेल्डिंगने डोळे चुरचुरतात, तू जरा वाचून दाखव. त्या भुसावळच्या, मराठी शाळेत शिकलेल्या, वाचायची हौस असलेल्या. त्यांनी वाचायला सुरुवात केली. दर वर्षी तेच; मुलगी शाळेला सुट्टी लागताच मामाबरोबर आधीच पुढे गेलेली असायची. मी दिलेलं प्रत्येक पुस्तक त्यांनीच वाचून दाखवलं होतं, बडोदा ते भुसावळ. ताशी वीस पानं हा वाचून दाखवण्याचा वेग असतो, हे माझ्यासारख्या मापाच्या माणसाला पहिल्याच वर्षी कळायला हवं होतं. पण बडोद्यात माणूस मराठी बोलतो म्हटल्यावर तो मराठी वाचतही असणार हे आम्ही धरूनच चालतो. कोणी कोणाला विचारत नाही. आणि ज्याला येत नाही तो सांगत नाही.

म्हणजे भांडी न घासणारी ती आठ माणसं वहिनींनी पकडली होती. मरायची घाई झालेली आई त्यांनीच ओळखली होती. ज्या यादीवर मी इतकी वर्षं मिरवलो, तिची निम्मी पारख या बाईची होती, आणि मी तिच्यासमोर तीन पुस्तकं घेऊन आलो होतो, तिला वाचायला शिकवायला आल्यासारखा. मला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा मला अभिमानच जास्त वाटला. आमच्या कारखान्यात कादंबरीवरचे सगळ्यांत चांगले निकाल लागले ते एका अशा बाईचे होते जिने कारखाना आतून कधी पाहिला नव्हता, आणि ते ऐकणाऱ्यांत मी होतो.

"म्हणून मला जमत नाही," वहिनी म्हणाल्या. "एकटीने मनातल्या मनात वाचायची मला सवयच नाही. शेजारी कोणी नसलं की वाचून करायचं काय? पण भाऊजी, एक सांगा. ते ऐकत होते?"

"म्हणजे?"

"ते झोपायचे ना! सुरत सुटली की खिडकीला डोकं टेकून डोळे मिटायचे. मी आपली वाचत राहायची, मध्ये मध्ये स्वतःशीच काहीबाही बोलायची. मला वाटायचं, यांना यातलं काही कळत नाही, आवडतही नाही, माझी हौस म्हणून पुस्तक आणतात आणि झोपून जातात. उतरल्यावर कधी एक शब्द त्यावर बोलले नाहीत. मीही कधी विचारलं नाही. झोपलेल्या माणसाला काय विचारायचं?"

"वहिनी, तो झोपला नव्हता."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

माझी स्मरणशक्ती चांगली आहे, हेही मी नेहमी सांगत असतो. त्या दिवशी तिचा उपयोग झाला. मी त्याचा एकेक निकाल आठवून सांगायला लागलो. शिक्षकाच्या कादंबरीवर काय म्हणाला, गिरणीच्या कादंबरीवर काय म्हणाला. ज्या कादंबरीत सारखा पाऊस पडतो तिच्याबद्दल म्हणाला होता, लेखकाच्या घरात कपडे वाळत घालायचं काम दुसरं कोणीतरी करत असणार. वहिनी प्रत्येक वेळी मान हलवायच्या. "हो. हे माझं." "हेही माझंच." एकदा तर म्हणाल्या, "हे त्यांनी थोडं बदललं. पण चांगलं बदललं." वीस-पंचवीस उन्हाळ्यांतलं जे जे आठवलं ते सगळं मी सांगितलं. त्याने एक शब्द सांडू दिला नव्हता. सगळं भुसावळहून परत आणलं होतं आणि जेवणाच्या सुट्टीत, तीस माणसांपुढे, पाठ ताठ करून मांडलं होतं.

मी म्हणालो, "आम्हाला वाटायचं हा स्वतःवर खूश आहे. आम्ही हसलो की तो एकेकाच्या तोंडाकडे बघायचा, सगळे हसले की नाही म्हणून. आज कळतंय, तो कोणाचं कौतुक मोजत होता ते. वहिनी, सबंध कारखान्यात बायकोचं इतकं कौतुक दुसऱ्या कोणी केलं नसेल. फक्त नाव घ्यायची सोय नव्हती त्याला."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती तिथेच खाली बसली. आमच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला होता. वहिनी मात्र रडल्या नाहीत. त्यांनी चष्म्याची डबी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "पुस्तक आणलंय का आज?"

मी पिशवीतून काढून दिलं. आमची बायको लगेच खुर्ची ओढून त्यांच्या जवळ सरकली आणि म्हणाली, "वाचा वहिनी. मी ऐकते. मला आजवर कोणी वाचून दाखवलेलं नाही."

वहिनींनी चष्मा लावला, पुस्तक उघडलं, आणि पुन्हा मिटलं.

"मी इतकी वर्षं अगदी हळू आवाजात वाचत होते हो," त्या म्हणाल्या. "त्यांची झोप मोडू नये म्हणून."

मग त्यांनी पुन्हा पहिलं पान काढलं आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या दोन-तीन ओळी अडखळत, मग इतक्या मोकळ्या, खणखणीत आवाजात की खाली सोसायटीच्या बाकावर बसलेल्या बायका माना वर करून बघायला लागल्या.